अंगणातला ॲस्टर आणि मळ्यातले पाणी



या पत्रिकेत आपण बेणे, लागण, खते, तोडणी आणि बिले यांविषयी नेहमी वाचतो. आज थोडी वेगळी गोष्ट. मळ्यातल्या वस्तीवर, घरापुढे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढा वाफा करून त्यात ॲस्टरची फुले कशी आणावीत, हे आम्ही लिहिणार आहोत. "ऊसवाल्याला फुलांचं काय?" असे कोणी म्हणेल. आम्हीही तेच म्हणत होतो. पण या फुलझाडाने आम्हाला आमच्या उसातली एक चूक दाखवून दिली, आणि ती चूक चांगली वीस गुंठ्यांची होती. तेव्हा हा लेख फुलांचा असला तरी मधूनमधून उसाकडे वळणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हे फूल कोणते?

ॲस्टर आपण सगळ्यांनी पाहिलेले असते, नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. बाजारात फुलवाल्याकडे जांभळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या फुलांच्या, दांड्यासकट बांधलेल्या जुड्या दिसतात, त्या ॲस्टरच्या. सुटी फुले हारात जातात. गणपतीपुढे, लग्नाच्या मांडवात, सत्काराच्या गुच्छात हे फूल बहुधा असतेच. दांडी पाण्यात ठेवली तर आठवडाभर टिकते. रंग पुष्कळ आहेत, पण झेंडूसारखा ठसठशीत पिवळा रंग यात सहसा मिळत नाही. तो हवा असेल तर शेजारी झेंडू लावावा.

याचे पूर्ण नाव चायना ॲस्टर. नावाप्रमाणेच हे मूळचे चीनचे. अठराव्या शतकात तिकडच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी याचे बी फ्रान्सला पाठवले आणि तेथून ते युरोपभर पसरले. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याला ॲस्टरच्या वर्गात घातले. ॲस्टर म्हणजे तारा. पुढे १८२५ साली कॅसिनी या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचा वेगळा वर्ग केला आणि त्याला 'कॅलिस्टेफस' म्हणजे 'सुंदर मुकुट' असे नाव दिले. शास्त्रातले नाव बदलले तरी बाजारात ॲस्टर हेच चालू राहिले.

कुळाने हे सूर्यफुलाच्या घरातले. झेंडू, शेवंती, गलांडा, झिनिया, कॉसमॉस ही सगळी त्याच घरातली. आपली करडईसुद्धा त्यातलीच, आणि बांधावरचे गाजरगवतही त्यातलेच! चांगल्या घरातही एखादे निघतेच. या कुळातली एक गंमत मुलांना जरूर दाखवावी. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरे तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफुलाच्या चकतीवर जेवढे दाणे भरतात तेवढी फुले त्यात आधी असतात. ॲस्टरचेही तसेच. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल आणि मधल्या पिवळ्या बटणात नळीसारखी फुले दाटीने बसलेली. दुहेरी जातींत मात्र पाकळ्याच इतक्या दाट असतात की मधले बटण दिसतही नाही.

याला खोडवा नसतो

शेवंती आणि ॲस्टर दिसायला बहिणी-बहिणी, पण स्वभावात मोठा फरक. शेवंतीची फुले संपली की बुडातून काश्या फुटतात. त्या वेगळ्या करून लावल्या की पुढच्या वर्षाची सोय झाली. म्हणजे आपल्या खोडव्यासारखेच म्हणा ना. ॲस्टरचे तसे नाही. हे एका हंगामाचे झाड. बी पेरायचे, रोप करायचे, लावायचे, फूल घ्यायचे, बी धरायचे, आणि झाड उपटून टाकायचे. पेरल्यापासून साडेतीन-चार महिन्यांत सगळा खेळ आटोपतो.

उसात आपली चूक खपून जाते. यंदा लागण बिघडली तर खोडव्यात बघू, खोडवा बिघडला तर पुढच्या लागणीत बघू, असे आपण म्हणतो. अठरा महिन्यांच्या आडसालीत चूक कुठल्या महिन्यात झाली तेसुद्धा नंतर आठवत नाही. ॲस्टर तेवढी सवलत देत नाही. आज चुकले तर चार दिवसांत दिसते. आम्हाला ते कसे दिसले, ते आता सांगतो.

आमची फजिती

२०१७ साली आमच्या सौभाग्यवतींनी माहेराहून ॲस्टरचे बी आणले. दिवाळीनंतर मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरची फुले हवीत, एवढाच हेतू. रोपे छान झाली. वाफा कुठे करायचा, तर न्हाणीच्या मागे, कारण तिथे पाणी आयते. शिवाय विहिरीच्या मोटारीची पाइपही तिथूनच जात होती. लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात आम्ही रात्री उसाला पाणी सोडायला जाताना पाइपचे तोंड जरा वाफ्याकडे वळवून ठेवायचो. "चार झाडं ती, पिऊन पिऊन किती पिणार," असा आमचा हिशोब.

लावल्यावर पाचव्या आठवड्यात रोपांनी माना टाकल्या. उन्हाने सुकली असतील म्हणून आम्ही पाणी वाढवले. दुसऱ्या दिवशी आणखी दहा रोपे सुकली. आम्ही आणखी पाणी दिले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अवो, पाणी घालतायसा खरं, पण वाफ्यात पाय रुततोय बघा." आम्ही म्हटले, "सुकतंय ते दिसत नाही का तुला?" आणि पाणी चालूच ठेवले.

चौथ्या दिवशी आमच्या आई काठी टेकत तिकडे आल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नाही. त्यांनी एक रोप मुळासकट उपटले, नाकाजवळ नेले आणि आमच्या हातात दिले. मुळ्या तपकिरी झालेल्या, बोटाने चोळल्या तर साल निघून येत होती, आणि गटारीसारखा वास. आई म्हणाल्या, "आरं, त्ये तहानल्यालं न्हाई, बुडाल्यालं हाय. मुळीला दम घ्यायला जागा न्हाई, मग ती पानाला पाणी कुठनं देणार?"

चाळीस रोपांतली पाच वाचली. गुरुवारच्या पूजेला फुले बाजारातूनच आणावी लागली. ते काही मोठे नुकसान नव्हे. पण आईंचे ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याचे कारण ओढ्याकडचे आमचे वीस गुंठे.

त्या तुकड्यात तीन-चार वर्षे ऊस पिवळा पडत होता. उगवण विरळ, फुटवे कमी, पेरे आखूड. आम्ही काय करत होतो? पाणी कमी पडते म्हणून जास्त पाणी, खत कमी पडते म्हणून जास्त युरिया. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरी भुकटी दिसायची, ती खताची राहिली असेल असे समजून आम्ही स्वतःची समजूत काढत होतो. ॲस्टरची ती काळी मुळी हातात धरल्यावर मात्र गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली आणि त्या तुकड्याच्या मध्यावर खड्डा घेतला. अडीच फुटांवर पाणी लागले. ऊस तिथे तहानलेला नव्हताच. त्याचे पाय पाण्यात होते.

शास्त्र असे आहे की मुळ्यांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळी गुदमरते, आणि गुदमरलेली मुळी पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड वरून सुकलेले दिसते. भारी काळ्या जमिनीत, निचरा नसताना पाणी देतच राहिले की जमिनीखालचे पाणी वर येते. ते पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येते. पाणी वरून वाळते, क्षार वरच राहतात. कृष्णा-वारणा काठच्या किती जमिनी अशा गेल्या, ते आपण सगळे पाहतोच आहोत. आपल्या तुकड्याचे तसे होत आहे, हे मात्र दुसऱ्या कोणीतरी सांगितल्याशिवाय पटत नाही. आम्हाला ते चाळीस रोपांनी सांगितले.

असो. पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी ॲस्टर नीट कसा आणायचा ते पाहू. दुसऱ्या वर्षापासून आम्ही जसे करतो तसेच लिहितो.

जागा आणि माती

दिवसभर ऊन येईल अशी जागा निवडावी. झाडाखाली किंवा घराच्या सावलीत रोप लांबुडके होते आणि फुले कमी येतात. न्हाणीचे पाणी जाते ती जागा नको. त्या साबणाच्या पाण्यावर केळ, अळू खुशाल लावा.

आपली जमीन बहुतेक काळी आणि भारी. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. दहा बाय चारच्या वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत तीन-चार पाट्या मिसळावे. माती फारच चिकट असेल तर पाटी-दोन पाट्या जाडसर वाळू किंवा पोयट्याची माती घालावी.

कारखान्याची प्रेसमड मळी घालायची तर ती पूर्ण कुजलेलीच घालावी. ताजी मळी कुजताना तापते आणि कोवळ्या मुळ्या भाजतात. ढीग करून, ओल ठेवून, दोन-तीनदा पालथी घालावी. हात घातला तर गार लागली, वास मातीसारखा आला आणि हातात भुसभुशीत सुटली की वापरायला हरकत नाही. उसाला जे खत आपण ट्रॉलीने टाकतो ते फुलांना ओंजळीने पुरते, हे लक्षात ठेवावे.

बी आणि रोप

ॲस्टरचे बी बारीक. एका ग्रॅममध्ये साधारण चारशे दाणे बसतात. दहा बाय चारच्या वाफ्याला फूट-फूट अंतराने चाळीस रोपे लागतात. म्हणजे एक ग्रॅम बी आणले आणि निम्मे उगवले तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून उरतात. मात्र बी ताजे हवे. हे बी फार दिवस टिकत नाही. गेल्या वर्षीचे चालून जाईल, पण दोन-तीन वर्षे कपाटात पडलेल्या पुडीवर भरवसा ठेवू नये.

जातींचे म्हणाल तर महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड केंद्राने काढलेल्या फुले गणेश व्हाईट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट आणि फुले गणेश पर्पल या जाती आपल्या हवेत चांगल्या येतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या पूर्णिमा, कामिनी, शशांक, व्हायोलेट कुशन याही प्रसिद्ध आहेत.

रोपांसाठी गादी वाफा करावा किंवा उसाच्या रोपांचे रिकामे ट्रे वापरावेत. हल्ली आपल्यापैकी पुष्कळजण रोपांची लागण करतात, त्यामुळे ट्रे घरात पडलेले असतात. ते स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून घ्यावेत. प्रत्येक कप्प्यात दोन दाणे टाकून वर चाळलेल्या शेणखताचा अगदी पातळ थर द्यावा. बी अर्ध्या बोटापेक्षा खोल गेले तर उगवत नाही. वर ओले पोते झाकावे. आठवड्यापासून दहा दिवसांत कोंब दिसतात. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी पोते काढावे. एक दिवस आळस केला तर रोपे पिवळी आणि लांब होतात.

या दिवसांत वैरी दोन. एक मुंगी, जी बी उचलून नेते. दुसरी घरची कोंबडी, जी वाफा उकरून ठेवते. मुंगीसाठी ट्रे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावा. कोंबडीसाठी वाफ्यावर बाभळीचे शिरे टाकावेत. आमच्याकडे दोन्ही उपाय करूनही एकदा शेजारच्या करडाने निम्मी रोपे खाल्ली. त्यावर मात्र उपाय सापडलेला नाही.

पाणी झारीने, सकाळी आणि हलके. संध्याकाळी भिजवून रात्रभर ओले ठेवले की रोपे बुडात कुजून आडवी पडतात.

लावण आणि शेंडा खुडणे

पंचवीस-तीस दिवसांनी, चार-पाच पाने झाली की रोपे लावायला तयार होतात. ऊन कलल्यावर लावावीत. ट्रेमध्ये जेवढे खोल होते तेवढेच खोल लावावे. उसाच्या डोळ्यासारखे मातीत दाबून टाकू नये. लावल्यावर एक हलके पाणी.

महिन्याने रोप टिचभर वाढले की शेंड्याचे टोक नखाने खुडावे. हे करताना घरातल्या बायका पहिल्यांदा हळहळतात. आमच्याकडेही "आता कुठं वाढाय लागलंय, आणि तुम्ही मोडताय व्हय?" असे ऐकावे लागले. पण शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी आठ-दहा फुले येतात. फुले मात्र आठ-दहा दिवस उशिरा येतात. लांब दांडीचे एकच मोठे फूल हवे असेल तर खुडू नये.

खताचा हव्यास नको. रोप लावल्यावर तीन आठवड्यांनी आणि कळ्या धरताना, प्रत्येकाला ओंजळभर कुजलेले खत पुरे. उसातून उरलेला मूठभर युरिया इथे टाकला तर पाने हिरवीगार होतील, फूल उशिरा येईल आणि माव्याला आमंत्रण जाईल.

पाणी: या लेखाचा मुख्य मुद्दा

पाणी दिवस मोजून देऊ नये, बोटाने मोजावे. वाफ्यात बोट दोन पेरांपर्यंत घालावे. खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडे लागले तर द्यावे. काळ्या जमिनीत हिवाळ्यात हे साधारण आठवड्याने येते, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. पावसाळ्यात तर वाफ्याच्या कडेने चर काढून पाणी बाहेर कसे जाईल हेच पाहावे. पाचटाचा बारीक तुकड्यांचा पातळ थर रोपांभोवती टाकला तर ओल टिकते आणि तण कमी होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. रोप सुकलेले दिसले की लगेच झारी उचलू नये. सुकण्याची कारणे तीन आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिले, खरी तहान. माती दोन पेरांपर्यंत कोरडी असते. दुपारी पाने लोंबतात आणि संध्याकाळी गारव्याला पुन्हा उभी राहतात. याला पाणी द्यावे.

दुसरे, बुडणे. माती चिखलासारखी असते, खालची पाने पिवळी पडतात, संध्याकाळ झाली तरी रोप उठत नाही. उपटून पाहिले तर मुळ्या तपकिरी आणि वास येणाऱ्या. याला पाणी बंद करावे, चर काढावा, माती हलकेच मोकळी करावी.

तिसरे, मर रोग. मातीत ओल बेताची असते, तरीही रोप सुकते. पुष्कळदा आधी एकाच बाजूची पाने सुकतात. खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते. याला पाणी द्या किंवा तोडा, काही उपयोग नाही. रोप उपटून जाळावे.

आम्ही पहिल्या वर्षी या तिन्हींना एकच औषध दिले, पाणी. उसातही तेच दिले.

रोग आणि किडी

मर रोग फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. ॲस्टरचा हा सर्वांत मोठा शत्रू. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून ॲस्टर एकाच जागी दर वर्षी लावू नये. निदान तीन-चार वर्षे जागा पालटावी. आम्ही अंगणाचे चार भाग केले आहेत. यंदा जिथे ॲस्टर तिथे पुढे झेंडू, मग मेथी-कोथिंबीर, मग मुलांच्या आवडीचा मका. चौथ्या वर्षानंतर पुन्हा ॲस्टर. जागाच नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पाच-सहा आठवडे घट्ट अंथरावे. उन्हाने तापून माती बरीच शुद्ध होते. खतातून ट्रायकोडर्मा दिल्यानेही फायदा होतो.

दुसरा रोग आपल्या ओळखीचा आहे, वेगळ्या वेषात. कधी एखादे झाड खुजे राहते, पाने पिवळट होतात, बारीक फुटवे झुबक्याने येतात, आणि फूल उमलते ते हिरवेच. पाहुणे विचारतात, "ही नवीन जात का?" ही जात नव्हे, हा रोग. त्याचे कारण फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीव. आपल्या उसातली गवताळ वाढ अशाच फायटोप्लाझ्मामुळे होते. दोघे एकाच गोत्रातले. ॲस्टरमध्ये तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. औषध नाही. गवताळ वाढीचे बेट आपण जसे मुळासकट काढतो तसे हे झाड दिसल्याबरोबर काढावे. दया दाखवून ठेवले तर शेजारची चार झाडे जातात.

मावा आणि तुडतुड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. घरापुढच्या चाळीस झाडांना याहून कडक औषधाची गरज पडू नये. पोरे तिथेच खेळत असतात.

फुले आणि बी

फूल पूर्ण उमलल्यावरच काढावे. कळी काढून पाण्यात ठेवली तर ती उमलेल असा भरवसा नाही. गुच्छासाठी सकाळी लवकर, दांडीसकट कापावे, खालची पाने काढावीत आणि लगेच पाण्यात ठेवावे. पाणी रोज बदलावे.

बी घरचेच धरता येते आणि ते धरावे. ॲस्टर बहुतांशी आपल्याच परागाने फळतो, त्यामुळे घरच्या बीपासून बरेचसे आईसारखेच झाड येते. तरी मधमाश्या थोडी सरमिसळ करतातच. म्हणून बी धरायचे रंग जरा अंतरावर लावावेत. बेणे मळ्यात आपण निरोगी ऊस निवडतो, तसे वाफ्यातले सर्वांत निरोगी, जोमदार असे दोन-तीन रोप आधीच हेरून त्याला दोरा बांधावा. मर लागलेल्या वाफ्यातले बी घेऊ नये. फूल वाळून मधोमध पांढरी लव दिसू लागली की बोंड काढावे, सावलीत वाळवावे, चोळून पाखडावे आणि कागदाच्या पुडीत घालून कोरड्या डब्यात ठेवावे. पुडीवर रंग आणि वर्ष लिहावे.

कधी पेरावे?

सणापासून मागे मोजावे. पेरल्यापासून फुलापर्यंत साडेतीन ते चार महिने धरावेत. दसऱ्याला फुले हवीत तर जूनमध्ये पेरावे. आडसालीची लागण आटोपली की ऑगस्टच्या मध्याला पेरले तर मार्गशीर्षातले गुरुवार साधतात. सप्टेंबरच्या शेवटी पेरले तर संक्रांतीला वाण लुटताना घरचे फूल देता येते. गुढीपाडव्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे गळीत जोरात चालू असते तेव्हा पेरावे. तेव्हा गडी माणसे तोडणीत गुंतलेली असतात. म्हणून हे काम बहुतेक घरांत बायका आणि शाळेतली मुलेच करतात, आणि खरे सांगायचे तर आमच्यापेक्षा बरे करतात. त्यांच्या हातात मोटारीचे बटण नसते, झारी असते.

वीस गुंठ्यांचे पुढे काय झाले?

खड्ड्यात पाणी लागल्यावर आम्ही माती आणि विहिरीचे पाणी तपासायला दिले. क्षार वाढल्याचा अहवाल आला. कोणी म्हणाले जिप्सम टाका, कोणी म्हणाले फुले २६५ लावा, तो अशा जमिनीत तग धरतो. शेतकी खात्याच्या लोकांनी मात्र आधी अहवाल पाहिला आणि सांगितले की जिप्सम चोपण जमिनीचा उपाय. नुसत्या खारवट जमिनीला पहिला उपाय म्हणजे निचरा. पाणी बाहेर गेले तरच क्षार बाहेर जातील. जात कुठलीही लावा, पाय पाण्यात असतील तर तिचेही हाल.

ओढ्याच्या बाजूने चार फूट खोल चर काढला. त्यात शेजाऱ्याची बांधाची हरकत होती. तीही बोलून मिटली, कारण त्यांच्याही तुकड्यात तेच सुरू झाले होते. वरच्या उसाला ठिबक केले. एक वर्ष तुकडा पावसावर सोडला, धैंचा पेरून गाडला. २०१९ च्या महापुरात चर गाळाने भरला, तो पुन्हा उपसावा लागला. आज वीसपैकी बारा गुंठ्यांत ऊस बरा उभा राहतो. ओढ्यालगतचे आठ गुंठे अजून सुधारलेले नाहीत. तिथे दर उन्हाळ्यात पांढरी भुकटी दिसते. ती आता आम्ही खताची समजत नाही.

चार वर्षे आधी कुदळ घेतली असती तर ते आठ गुंठेही वाचले असते, असे वाटते. तेव्हा ज्यांच्या उसात एखादा कोपरा कारण नसताना पिवळा दिसतो, त्यांना आमची एकच विनंती. पाणी वाढवण्यापूर्वी तिथे एक खड्डा घ्या. तीन फुटांचा पुरे. अर्ध्या तासाचे काम आहे.

आणि ज्यांना हे सगळे अंगणातच शिकायचे असेल त्यांनी ॲस्टर लावावा. सौभाग्यवतींनी यंदाचे बी धरून ठेवले आहे, जांभळे आणि पांढरे. वार्षिक सभेला येताना त्या चिमूट-चिमूट बीच्या पुड्या बांधून आणणार आहेत. भगिनींनी मागून घ्याव्यात. नेल्यावर मात्र त्याच हंगामात पेराव्यात, पुडी कपाटात ठेवून देऊ नये.